बाई, तुमचा उजवा गाल

बाई, तुम्ही गेल्याचं भास्करने मला सांगितलं नाही. तो दुकानात आला, काउंटरला टेकला आणि म्हणाला, "ताई, फ्लेक्सले फोटो पायजे. तो जुनावाला द्या, हिरोईनचा." आमच्या धंद्यात मरणाची बातमी अशीच येते. माणूस रडत नाही, फोटो मागतो. मी पासपोर्टचे फोटो कापत होते. कात्री खाली ठेवली आणि काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, साइज कोणती? तुमच्या भाच्याचा आवाज तेव्हा कुठे फुटला. चौकात लावायचा आहे म्हणाला, मोठा, दुपारच्या आत, पाहुणे निघालेत. मग तो समोरच्या टपरीवर चहाला गेला. चहा प्यायला नाहीच तो, ग्लास हातात धरून नुसता उभा होता.

त्याला काय माहीत, तुम्ही माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. "माह्या मांगं भितीवर माह्यंच तोंड पायजे, शाहीन. उजव्या गालासकट. अन् त्याले हात लावू नोको." मी हो म्हणाले होते. काढलाही होता तसा फोटो, तुमच्याच ओसरीवर. आणि भास्कर रस्त्यापलीकडे उभा होता तेव्हा तो फोटो माझ्याकडे नव्हता. का नव्हता हे अर्धं तुम्हाला माहीत आहे. उरलेलं अर्धं मी तुम्हाला सांगितलं नाही, ते आता सांगते. आता तुम्ही मधेच तोडून "कामाचं बोल वं" म्हणणार नाही.

तुमचा तो जुना फोटो मी चालायला लागायच्या आधीपासून आमच्या दुकानात आहे. कोल्हापूरच्या कुठल्याशा स्टुडिओत काढलेला. कोरीव खुर्ची, जरीच्या काठाचं लुगडं, एक हात खुर्चीच्या दांडीवर, दुसरा मांडीवर, त्यात अर्धवट मिटलेलं पुस्तक, बोटात खड्याची अंगठी. मान जराशी वर आणि डोळ्यांत "पाहा, जमलं का नाही" असा भाव. तोवर तुम्ही नायिकेची मैत्रीण नाहीतर धाकटी जाऊ व्हायच्या, नाहीतर पाण्याला जाणाऱ्या बायांत मागून कुठेतरी दिसायच्या. आता पहिलं मोठं काम मिळालं होतं. केनवडची गोदावरी मागे राहिली होती आणि पडद्यावर इंदुप्रभा आली होती. तुम्ही तो फोटो भावाला पाठवला. भावाने फ्रेम करायला रिसोडला अब्बांकडे दिला. अब्बांनी परत करण्याआधी त्याची कॉपी काढून ठेवली आणि शोकेसमध्ये लावली. यात्रेच्या तंबूत तुमचं चित्र लागायचं तेव्हा लोक आधी आमच्या शोकेसपाशी थांबून तुम्हाला बघायचे आणि मग तिकिटाच्या रांगेत जायचे, असं अब्बा सांगायचे. अब्बांच्या सांगण्यातलं निम्मं सोडून द्यावं लागायचं, पण गर्दी होत असणार.

पुढे अब्बांनी त्या फोटोचं जे केलं, ते मीही केलं. त्या काळी आपल्या भागात शेतात राबणाऱ्या बाईचा फोटो कोण काढणार? लग्नात काढला तर काढला, तोही मुंडावळ्यांच्या आडून. बाई गेली की तिची मुलं अब्बांकडे यायची. हातात कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीचा फोटो, त्यात कोपऱ्यात वाकून वाढणारी त्यांची माय, नखाएवढं तोंड. अब्बा तेवढं तोंड मोठं करायचे, ब्लेडने कापायचे आणि तुमच्या मानेवर बसवायचे. ब्रशने सांधा मिटवायचे, त्याचा पुन्हा फोटो काढायचे. की झाली माय तयार. खुर्चीत बसलेली, जरीचं लुगडं नेसलेली, हातात पुस्तक. दुकानात त्या तुमच्या कॉपीला आम्ही "बैठक" म्हणायचो. कुणी विचारायचं नाही की हे हात कुणाचे. फोटो घेताना पोरं तोंडाकडे बघत आणि रडत. अब्बा गेले, दुकान माझ्यावर आलं, ब्लेडच्या जागी कॉम्प्युटर आला, बैठक तीच राहिली. पार इंझोरीपर्यंत पोचली ती. जन्मात पाटी-पेन्सिल न धरलेल्या कितीतरी बाया तुमच्यामुळे हातात पुस्तक घेऊन भिंतीवर बसल्या आहेत.

मग कामं संपली आणि तुम्ही केनवडला परत आलात. भाऊ गेलेले होते, भास्कर स्वतः जाऊन तुम्हाला आणि तुमच्या दोन पेट्यांना घेऊन आला. गावात एका घरी बारशाला गेलात आणि पाळण्याच्या वर भिंतीवर हार घातलेली त्या घरची सासू दिसली. तोंड तिचं. हात तुमचे. बोटात तुमच्या आईची अंगठी.

दुसऱ्या दिवशी एसटीने तुम्ही दुकानात आलात. मी तुम्हाला ओळखलं नाही. शोकेसमधली बाई मी रोज पुसायचे, पण काउंटरसमोरची ओळखू आली नाही, यातच माझं काय ते आलं. तुम्ही उजवा हात काचेवर पालथा ठेवलात आणि विचारलंत, "हे हात ओळखतं का वं?" अंगठी बघितली आणि माझी नजर शोकेसकडे गेली. अब्बांनी मला कधी शिकवलं नव्हतं की हा हात कुणीतरी परत मागायला येईल.

मला वाटलं आता तुम्ही सगळा बाजार गोळा कराल. मी आधीच बचावाला उभी राहिले, अब्बांची बाजू सांगू लागले, गरीब लोक, फोटो नसायचे वगैरे. तुम्ही मला बोलू दिलंत. मग म्हणालात, तुझ्या बापाने मला विचारायला पाहिजे होतं. एवढंच. आणि त्यानंतर, जणू काही आपण साडीचं दुकान बघायला निघालोय, तसं म्हणालात की चल, दाखव मला, कुठे कुठे बसवलंय मला ते.

आपण भास्करच्या गाडीने फिरलो. जऊळक्याचं ते स्टेशनमागचं घर तुम्हाला आठवत असेल. घरात एकटे म्हातारबा होते, सून शेतात गेलेली. तुम्ही मला गाडीतच बजावलं होतं की कुणाला काही सांगायचं नाही, म्हणून मी फ्रेमची काच बघायला आले असं खोटंच सांगितलं. तुम्ही बरोबर त्या फोटोच्या खाली जाऊन बसलात. म्हातारबांनी पाणी दिलं, आणि न विचारता बायकोबद्दल बोलू लागले. तिचं नाव, तिचं माहेर, कापूस वेचताना तिचा हात कसा चाले. मग वर बघून म्हणाले, "जितेपनी ते कवा खुर्चीवर बसली नाही, बाई. आता पाहा, कशी बसली हाये."

परत येताना तुम्ही बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं रडताय. आणि एकदम हसायलाच लागलात. म्हणालात, माझे सगळे रोल दोन-दोन आठवड्यांत उतरले आणि हाच एक अजून चालून राह्यला. हसताना तुमचा हात पदर घेऊन उजव्या गालावर गेला. ती सवय मला आधी दिसली. गालावरची खूण नंतर.

खुणेची गोष्ट तुम्ही पुढे दुकानात बसून सांगितलीत, माझा लाईट इकडचा तिकडे करता करता. सेटवरचा मोठा दिवा फुटला आणि काच गालात घुसली. तुमचं नायिकेचं तिसरंच चित्र होतं. टाके घालून परत आलात तर दिग्दर्शकाने कॅमेरा फिरवून ठेवलेला. त्याच्यानंतरच्या प्रत्येक चित्रात तुम्ही डाव्या बाजूने लाजलात, डाव्या बाजूने रडलात आणि डाव्या बाजूने मेलात. पुढे आईची कामं आली, मग आईच्या कामांनाही दुसऱ्या बाया आल्या. हे सांगताना तुमच्या आवाजात कडवटपणा नव्हता. माझ्या लाईटचा स्टँड डगमगत होता, त्याच्याकडे बोट करून तुम्ही म्हणालात, हा दिवा तेवढा माह्या डोक्यावर पाडजो नोको, आता दुसरा गाल शिल्लक नाही.

बाई, तुमचे माझ्यावर उपकार आहेत, आणि ते तुम्ही कधी उपकार म्हणून केले नाहीत. अब्बांच्या मागे दुकानात मी एकटी बाई. लग्नाची ऑर्डर मला कोण देणार होतं? दिवसभर झेरॉक्स काढायची आणि ओळखपत्रांचे फोटो. तुम्ही केनवडच्या बायांना सांगितलंत की हळदीच्या वेळी पुरुष कॅमेरा घेऊन आत कशाला पाहिजे, रिसोडची पोरगी आहे ना. पहिल्या हळदीला तुम्ही स्वतः येऊन माझ्यामागे उभ्या राहिलात. नवरीच्या तोंडावर उजेड कुठून घ्यायचा, नथीची सावली ओठावर पडू नये म्हणून मान किती वळवायची, हे मला कुठल्या कोर्सात शिकवलं नव्हतं. तुम्ही शिकवलंत. अम्मी म्हणायची, ही तुझी दुसरी उस्ताद. आज रिसोड तालुक्यात हळदीला मला बोलावतात ते तुमच्यामुळे.

आणि अशा बाईने माझ्याकडे एक फोटो मागितला.

तो जुना फोटो आता आपला नाही, असं तुम्ही म्हणायच्या. तो त्या बायांचा झाला. मी मेल्यावर तोच माझ्या नावाने चौकात लागला तर घराघरात पोरं म्हणतील की आपल्या मायचं लुगडं या बाईने नेसलंय, कुणाचं मन कशाला मोडायचं? हे तुम्ही हसत सांगितलंत, पण मला कळलं होतं की कारण तेवढंच नाही. सगळा जन्म अर्ध्या तोंडाने काढला होता तुम्ही. मोबाईल वर झाला की घरातही तुमची मान आपोआप वळायची. भास्करच्या पोरांच्या वाढदिवसाच्या फोटोंत तुम्ही आहात, सगळ्यांत डाव्या. आधारकार्डावर तर बाई आहे की बुवा हेच कळत नाही. उजव्या गालाचा फोटो कुणी काढलाच नव्हता, आणि तो मी काढायचा होता.

सकाळी काढला. ओसरीवर, प्लास्टिकच्या खुर्चीत. तुम्ही साधं सुती पातळ नेसला होतात. मी म्हटलं जरीचं नेसा, तर म्हणालात की ते बायांना देऊन टाकलं. मग तुम्ही पदर खांद्यावर सारला आणि गाल माझ्याकडे केलात. इतके कॅमेरे बघितलेली बाई, आणि हात पुन्हा पदर घेऊन गालाकडे गेला. उजेड मात्र तुम्हीच सांगितलात, खुर्ची दोनदा सरकवून घेतलीत. मी बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर बघितलं तेव्हाच मला कळलं की असा फोटो माझ्याकडून पुन्हा निघायचा नाही.

तुम्हाला मी सांगितलं होतं की चुकून झालं. हात बसलेला आहे, बोट आपोआप चालतं, गिऱ्हाइकाचा मुरूम दिसला की पुसला जातो. ते खोटं होतं, बाई. हे ते उरलेलं अर्धं. बोट आपोआप नाही चाललं. मी फोटो पडद्यावर मोठा केला, तुमची खूण हातभर झाली, आणि मी तिच्याकडे बघत बसले. मला ती सहन झाली नाही. मला वाटलं, हिला आयुष्यात कुणी हे दिलं नाही, मी देते. उजवा गालही दाखवू आणि खूणही नको. दोन्ही. मला खूप छान वाटत होतं तेव्हा, एखाद्याला न सांगता त्याचं काम करून टाकावं तसं. कपाळाच्या सुरकुत्याही जरा उतरवल्या. सगळं करून मूळ फोटोवरच ते सेव्ह केलं, कारण पुन्हा लागणार नाही याची मला खात्री होती. कॅमेऱ्याचं कार्ड दुसऱ्या दिवशी लग्नात वापरलं, पुसून.

फ्रेम करून आणली तेव्हा मी मिठाई पण आणली होती. तुम्ही फ्रेम हातात घेतलीत, लांब धरलीत, जवळ धरलीत आणि विचारलंत, "हे कोन वं?"

मी हसले. तुम्ही नाही हसलात. म्हणालात, तुझ्या बापाने धड घेतलं होतं, तू तोंड घेतलं. मूळ फोटो मागितलात, मी नाही म्हणून सांगितलं. मग तुम्ही म्हणालात, ठीक आहे, परत काढ. इथे मी हो म्हणायला हवं होतं आणि कॅमेरा काढायला हवा होता, कॅमेरा माझ्या पिशवीतच होता. पण मला राग आला होता. मिठाईचा बॉक्स अजून उघडला नव्हता. माझ्या तोंडून गेलं, "तुम्हीच तर सगळा जन्म लपवलं ना, बाई. मी काय वेगळं केलं?"

स्वयंपाकघरात सुनंदा, भास्करची बायको, भांडी घासत होती, तिच्या भांड्यांचाही आवाज थांबला. तुम्ही फ्रेम खाली ठेवलीत आणि अगदी हळू म्हणालात, "मी नाही लपवलं. माह्याकडून लपवून घेतलं."

मी फ्रेम पिशवीत टाकली, चप्पल घातली आणि निघून आले. माफी मागितली नाही. चौकापर्यंत आले तेव्हाच मला कळलं होतं की परत फिरावं. स्कूटीचं तोंडसुद्धा वळवलं मी. मग म्हटलं, आज राहू दे, दोघी तापलेल्या आहोत, आठवडाभराने जाऊ. आपल्यात एवढं काय.

आठवड्याने लग्नं लागली. तुम्ही दोनदा फोन केलात. भांडणाचा शब्द काढला नाहीत. पहिल्यांदा म्हणालात, ओसरीवर आता ऊन चांगलं येतं, येजो. मी म्हटलं येते, ऑर्डरी संपल्या की. दुसऱ्यांदा आवाज बारीक झाला होता, मी विचारलं तब्येत कशी, तुम्ही म्हणालात म्हाताऱ्या माणसाची असते तशी. आणि म्हणालात, "शाहीन, येऊन जा वं. मीच वाट पाहून राह्यली, फोटो नाही पाहून राह्यला." मी त्यावर हसून पुढच्या सोमवारी म्हटलं. सोमवारी दुकान बंद असतं. मी घरी होते, बाई. अम्मीचे कपडे वाळत घातले, डाळ निवडली, दुपारी झोपले. वेळ नव्हता असं नाही. तुमच्या समोर तुमच्या त्या गालाकडे बघायचं मला धाडस होत नव्हतं. मी त्याला नको म्हटलं होतं, आणि तुम्हाला ते दिसलं होतं.

आता भास्कर चहाचा ग्लास घेऊन रस्त्यापलीकडे उभा होता.

जुना फोटो लावायचा नाही एवढं तरी मी पाळायचं ठरवलं. दुसरा होता तो पुसलेला. तो उघडला. तुमचे डोळे, तुमचं सुती पातळ, तुमची ओसरी आणि तो गुळगुळीत गाल. मी ठरवलं की खूण परत काढू. पुसली मी, तर मीच काढू शकते. ब्रश घेतला आणि कानाखालून सुरुवात केली. थोडं खाली आले आणि हात थांबला. पुढे कुठे जात होती ती? ओठाच्या कोपऱ्याकडे वळायची की हनुवटीकडे उतरायची? शेवटी बारीक होत जायची की तिथे टाक्याची गाठ होती? मी ती खूण पडद्यावर हातभर मोठी करून बघितली होती. इंचा-इंचाने पुसली होती. आणि मला आठवत नव्हती.

सुनंदाला फोन करता आला असता. आत्याबाईंच्या गालाचा एक फोटो मोबाईलवर पाठव म्हणायचं, झालं असतं. पण मग माझ्याकडे तुमचा फोटो नाही हे तिला कळलं असतं, आणि का नाही हेही कधीतरी कळलं असतं. मी फोन उचलला नाही. अंदाजाने काढली. कानाखालून निघून गालावरून खाली आणि ओठाच्या कडेपर्यंत, कारण तशी ती बरी दिसली. पाहा, तेव्हाही मी बरी दिसेल अशीच काढली.

भास्कर आला, त्याने पडद्याकडे बघितलं आणि इतक्या वेळाने पहिल्यांदा रडला. म्हणाला, अगदी आत्या हाये. मी हिरोईनचा का लावत नाही हे त्याला सांगितलं, तुमची इच्छा होती म्हणून. त्याने मान हलवली.

फ्लेक्सबरोबर मीही केनवडला आले. अंगणात तुम्हाला ठेवलं होतं, तोंड उघडं होतं, बाया दर्शन घेऊन बाजूला होत होत्या. उजव्या बाजूला जाऊन एकदा बघितलं असतं तर कळलं असतं. जागाही होती तिकडे, सुनंदाने मला हाताने खुणावलंही, इकडे या म्हणून. मी डाव्या बाजूला उभी राहिले. तुम्हाला नेलं तोपर्यंत तिथेच उभी राहिले.

चौकात लोक फ्लेक्ससमोर थांबत होते. शाळेतले एक सर मला म्हणाले, ताई, मोठं मन लागतं, आजकाल सगळे मेलेल्या माणसालाही गोरं करतात, तुम्ही जसंच्या तसं ठेवलं. बायांनी माझा हात धरून सांगितलं की आमच्या बाई अशाच होत्या, खऱ्या. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. एकालाही सांगितलं नाही. जन्मात मला एवढी शाबासकी मिळाली नव्हती, आणि ती मिळाली ती याच्यासाठी.

तेरवीला तोच फोटो फ्रेम करून घेऊन आले. भास्करने तो तुमच्या खोलीत लावला, हार घातला. पंगत बसली, सगळे बाहेर गेले. मी आणि सुनंदा आत राहिलो. शेवटच्या दिवसांत तिनेच तुमचं सगळं केलं, रोज तोंडाला, हातापायांना तेल लावायची. ती फोटोच्या अगदी जवळ गेली. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, आत्याबाईचा वन ओठापर्यंत नव्हता येत. अठीच थांबे." आणि स्वतःच्या गालावर बोट ठेवून दाखवलं. मध्येच. गालफडाच्या हाडाखाली.

मी म्हणाले, फोटोत तसं दिसतं गं, उजेडामुळे.

पदराचं टोक बोटाला गुंडाळून तिने काच पुसली, गालफडापासून ओठापर्यंत, जिथे मी जास्तीची रेघ ओढली होती तिथेच. काच स्वच्छ होती. रेघ कुठे जाणार? पुन्हा एकदा पुसली. मग पदर सोडला आणि माझ्याकडे वळली. तिला कळलं होतं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मी तिथेच सगळं ओकून टाकलं असतं, पण राग नव्हता.

"राहू द्या, ताई," ती म्हणाली. "आत्याबाई कुठी पाहाले येतात आता."

आणि ती वाढायला निघून गेली. बाई, तुम्ही पाहायला येणार नाही, एवढ्याच भरवशावर तो फोटो तुमच्या भिंतीवर टांगलेला आहे.